हळदीचा डाग

थोरल्या अक्काच्या हळदीला माझ्या पांढऱ्या सदऱ्यावर पाठभर पिवळे पंजे उमटले. शाळेचा तोच एक सदरा. दुसऱ्या दिवशी विहिरीवर नेऊन साबण चोळला, तर पंजे रक्तासारखे लालभडक! मी बोंब ठोकली. आई पदर खोचून धावत आली आणि बघून हसायलाच लागली.

"आरं, साबणानं हळद तांबडी हुतीया. लिंबू पीळ, जातंय बघ."

लिंबू पिळलं, डाग परत पिवळा झाला. मग तिनं सदरा वळणीवर टाकला. "आता उरलेलं ऊन खाईल." आणि उन्हानं खरंच खाल्लं.

आमचा मुलूख सांगलीकडचा, हळदीचा. घरचं कुंकूही आईच करायची. हळकुंडाचे तुकडे लिंबाच्या रसात टाकणखार घालून मुरवायचे, सावलीत वाळवायचे, उखळात कुटून वस्त्रगाळ करायचे. मला कोडं पडायचं. लिंबानं डाग पिवळा होतो, मग लिंबातलंच कुंकू तांबडं कसं? आई म्हणायची, "ती टाकणखाराची करणी."

मी नववीत असताना दादा गेले. बायकांनी आईचं कपाळ पुसलं. तिनं कुंकू लावणं सोडलं, तसं करणंही सोडलं. विधवेच्या हातचं कुंकू सवाष्णीनं कसं लावायचं, असं भावकीतलं कुणीतरी बोललं होतं. हळद मात्र तिच्या हातची सगळ्यांना चालायची. लावणीपासून शिजवण्यापर्यंत तीच राबायची.

कोडं सुटलं ते कॉलेजात. हळदीचा पिवळा रंग करक्युमिनचा. साबणातल्या आम्लारीमुळं त्याच्या रेणूतला हायड्रोजन सुटतो. मग रेणू वेगळा प्रकाश शोषतो आणि आपल्याला तांबडा दिसतो. लिंबाच्या आम्लानं हायड्रोजन परत मिळतो, की पुन्हा पिवळा. टाकणखाराची गोष्ट निराळी. त्यातला बोरॉन करक्युमिनला धरून बसतो, म्हणून लिंबाच्या रसातही कुंकू तांबडंच राहतं. सुट्टीत घरी आल्यावर मी हे सगळं आईला मोठ्या उत्साहानं सांगितलं. तिनं चुलीपुढून मान वर केली.

"म्हंजी कुंकू हळदच की रं."

"हळदच."

"मग मला हळद चालती, कुंकू का न्हाई?"

याचं उत्तर माझ्या पुस्तकात नव्हतं. मी गप्प बसलो. पुढं नोकरी लागली, रसायनशास्त्र शिकवू लागलो. करक्युमिन १८१५ साली पहिल्यांदा वेगळं काढलं, त्याची रचना १९१० साली कळली, हे पोरांना दरवर्षी सांगत राहिलो. आईचा प्रश्न मात्र तसाच राहिला.

माझ्या लेकीचं लग्न ठरलं तेव्हा मी बाजारातून लिंबं आणि टाकणखार आणला, घरची हळकुंडं काढली आणि आईपुढं ठेवली. ती बराच वेळ नुसती बघत राहिली.

"लोक काय म्हणतील?"

"आजी, मला तुझ्याच हातचं पायजे," लेक म्हणाली.

आईनं हळकुंडं पुढं ओढली. आठवडाभर माजघराला लिंबाचा वास होता. लग्नादिवशी नातीच्या कपाळाला पहिलं बोट तिनं लावलं. चारदोन बायका कुजबुजल्या, पण ओटी भरताना त्यांनीही त्याच करंड्यातलं कुंकू लावून घेतलं.

स्वतःच्या कपाळाला मात्र आईनं बोट नेलं नाही. आणि लाव म्हणायचं धाडस मलाही झालं नाही.