भाजलेल्याचं ताट

घरात कुणी भाजलं, की आपल्याकडे पहिली कुऱ्हाड त्याच्या ताटावर पडते. डाळ नको, पू होईल. दही नको, जखम चिघळेल. मग उरलं काय, तर पेज आणि साबुदाण्याची लापशी!

आमचे धाकटे भावजी मागच्या हंगामात गुऱ्हाळावर उकळत्या रसानं भाजले. छाती, पोट आणि उजवा हात, म्हणजे अंगाचा पाव हिस्सा. मोठ्या इस्पितळात डॉक्टर म्हणाले, मांडीची कातडी काढून लावावी लागेल, पण आधी यांना खायला घाला. रक्तातलं अल्ब्युमिन नावाचं प्रथिन फार उतरलं होतं.

मला नवल वाटलं. कातडी लावण्याचा आणि जेवणाचा काय संबंध? तिथल्या सिस्टरनं समजावलं. काढलेली कातडी म्हणजे उपटलेलं रोप. पहिले एक-दोन दिवस ती खालच्या ओलीवरच जगते. तिसऱ्या दिवसाच्या सुमारास खालच्या रक्तवाहिन्या तिला जोडल्या जातात, तेव्हा ती धरते. रानात कसच नसेल तर रोप काय करणार? शिवाय मांडीवर नवी जखम होते, तीही भरून यायची असते. भाजलेल्या जागेतून पाझरणाऱ्या पाण्याबरोबर प्रथिनं वाहून जातात आणि शरीर आपलेच स्नायू जाळू लागतं. म्हणून अशा मोठ्या माणसाला वजनाच्या दर किलोमागे रोज दीड ते दोन ग्रॅम प्रथिनं लागतात. भावजी ५० किलोंचे, म्हणजे ७५ ते १०० ग्रॅम. (मूत्रपिंडाचा आजार असला तर मात्र डॉक्टर सांगतील तेवढंच.)

पू जंतूंमुळं होतो, डाळीमुळं नव्हे, हे सासूबाईंना पटायला दोन दिवस लागले. घर माळकरी, अंड्याचं नाव काढायची सोय नाही. मग दूध, दही, घट्ट वरण, मटकीची उसळ, शेंगदाण्याचे लाडू, जोडीला आवळा. दर दोन तासांनी थोडंथोडं. तेवढ्यानं भागेना तेव्हा नाकातून नळी घातली. सासूबाई रडल्या. मला ती नळी देवासारखी वाटली.

नुसत्या खाण्यानं कातडी धरते असंही नाही. खाली रक्त साचलं, जंतू शिरले किंवा हात हलला तरी ती सुटते. भावजींची पट्टी पाचव्या दिवशी उघडली, तर बहुतेक कातडी गुलाबी. काखेजवळ अंगठ्याएवढी जागा तेवढी राहिली होती, ती पुढे पट्ट्यांनी भरली.

शस्त्रक्रियेसाठी किंवा भूल देऊन पट्टी बदलताना रोग्याला उपाशी ठेवतात. असं चुकलेलं जेवण सोबतच्या माणसानं मांडून ठेवावं आणि नंतर डॉक्टरांना विचारून भरून काढावं. आम्ही ते दुधाच्या रतिबाच्या वहीतच मांडत होतो.