धुळ्याचे पत्र

खानदेशात आखाजीसारखा दुसरा सण नाही. अक्षय्य तृतीयेलाच तेथे आखाजी म्हणतात. त्या दिवशी पितरांच्या नावे पाण्याने भरलेली घागर पुजतात, खापरावरची पुरणपोळी आणि आमरस यांचा बेत होतो, आणि कडुनिंबाला बांधलेल्या झोक्यावर माहेरवाशिणी अहिराणी गाणी गातात.

1999 सालच्या आखाजीला जळगावातील एका जुन्या घरीही झोका बांधला होता. परंतु त्यावर बसण्याचा उत्साह कोणालाच नव्हता. घराची वाटणी झाली होती. धाकटे काका सणानंतर धुळ्यास बिऱ्हाड हलवणार होते. ओसरीवर भांड्यांचे दोन ढीग मांडले होते आणि दोघे भाऊ एकमेकांशी कामापुरतेच बोलत होते.

त्या घरात बारा वर्षांची एक मुलगी आणि तिचा दहा वर्षांचा चुलतभाऊ होता. दूरदर्शनवरील ‘कॅप्टन व्योम’ ही मालिका दोघांची फार आवडती. केतन मेहता यांच्या या मालिकेत सन 2123 चे जग दाखवले होते. गुरूच्या एका चंद्रावरील तुरुंगातून बारा भयंकर गुन्हेगार निसटतात आणि मिलिंद सोमण यांनी साकारलेला व्योम त्यांचा पाठलाग करतो. चित्र हलू लागले की भावाने गच्चीवर धावत जाऊन अँटेना फिरवावा आणि बहिणीने खालून “थांब, थांब!” असे ओरडावे, हा त्यांचा नेम होता.

सणाच्या आठवड्यातील भाग त्यांनी बांधून ठेवलेल्या वळकट्यांवर बसून पाहिला. टी.व्ही. काकांच्या वाट्यास आला होता. भाऊ हळूच म्हणाला, “ताई, बाराही जण अजून सापडले नाहीत. पुढचे तुला कसे कळणार?”

तिच्याने उत्तर देववेना. दारात उभी असलेली आजी म्हणाली, “तू पाहा, आणि हिला लिहून कळव.”

जळगावहून धुळे सुमारे 90 किलोमीटर. वाटेत एरंडोल आणि पारोळा लागते. खानदेश जिल्ह्याचेही 1906 साली पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग झाले होते. तेच पुढे जळगाव आणि धुळे जिल्हे झाले. 1998 साली धुळ्यातून नंदुरबार जिल्हा निघाला. सीमा बदलल्या, तरी आखाजीची गाणी तिन्हीकडे घुमत राहिली.

दर आठवड्याला धुळ्याहून एक पोस्टकार्ड येऊ लागले. मुंगीसारख्या बारीक अक्षरांत सारी गोष्ट लिहिलेली असे आणि कोपऱ्यात एक वाकडे अंतराळयान काढलेले असे. मुलगी ते आजीला मोठ्याने वाचून दाखवी. तिचे वडील जवळच वर्तमानपत्र वाचत बसत. परंतु त्या वेळी त्यांचे पान उलटत नसे.

एका आठवड्यात कार्ड आले नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी वर्तमानपत्र बाजूस ठेवून वडिलांनीच विचारले, “धुळ्याचे पत्र नाही आले?”

आजीने त्यांच्याकडे क्षणभर पाहिले, आणि काही न बोलता एक कोरे कार्ड आणून त्यांच्यापुढे ठेवले.