समांतर आयुष्यांची एक फसलेली कादंबरी

समांतर आयुष्यांची कथा एका फाट्यापाशी सुरू होते. गाडी मिळते किंवा चुकते, पत्र पोचते किंवा गहाळ होते, आणि तिथून एकाच माणसाची दोन आयुष्ये चालू लागतात. पोलिश दिग्दर्शक क्रिश्तॉफ किश्लोव्स्की याच्या ‘ब्लाइंड चान्स’ या चित्रपटात एक तरुण सुटत्या आगगाडीमागे धावतो. त्या एका धावण्यातून त्याची तीन वेगळी आयुष्ये उलगडतात. ‘असे झाले असते तर’ हा प्रश्न घरोघरी विचारला जातो, म्हणून या कथाप्रकाराला वाचक सहज मिळतो.

प्रस्तुत लेखिकेच्या घरात हा प्रश्न 1994 पासून आहे. त्या वर्षी तिचे वडील जुन्या मुंबई–पुणे रस्त्यावरच्या अपघातात गेले. ते रोजच्यापेक्षा दहा मिनिटे लवकर निघाले होते. ‘नेहमीच्या वेळेला निघाले असते तर’ हे वाक्य आई अनेक वर्षे म्हणत असे, बहुधा भाजी निवडताना, कोणाकडेही न बघता. त्यामुळे दहावीतल्या भाचीने एक अमेरिकन विज्ञानकादंबरी आणून दिली आणि तिच्या मलपृष्ठावर जवळजवळ हीच गोष्ट आढळली, तेव्हा ते पुस्तक बाजूला ठेवणे लेखिकेला शक्य नव्हते.

कादंबरी किशोरवयीन वाचकांसाठी लिहिलेली, साडेतीनशे पानांची. नायिका सोळा वर्षांची आहे. तिच्या जगात वडील मोटार अपघातात वारले आहेत. शेजारच्या जगात ते दहा मिनिटे उशिरा निघाले आणि जिवंत आहेत. एका प्रयोगशाळेतल्या यंत्रामुळे ती त्या जगात जाते. पहिली पन्नास पाने उत्तम आहेत. सकाळी स्वयंपाकघरात वडील पाठमोरे उभे असतात आणि ती त्यांचे पांढरे केस मोजत राहते, कारण तिच्या वडिलांना केस पिकण्याइतके आयुष्य मिळालेच नव्हते. या प्रसंगापाशी लेखिकेने पुस्तक मिटले आणि ते पुन्हा उघडायला दोन दिवस लागले. एवढी ताकद असलेल्या लेखनाकडून पुढची अपेक्षा वाढणे स्वाभाविक होते.

घसरण त्यानंतर सुरू होते. पहिली चूक शास्त्राची आहे. कादंबरीतला शास्त्रज्ञ ह्यू एव्हरेटचा हवाला देतो आणि माणसाने घेतलेल्या प्रत्येक निर्णयागणिक एक नवे जग जन्मते, असे सांगतो. एव्हरेटने 1957 मध्ये मांडलेली कल्पना वेगळी आहे. पुंजयामिकीतल्या मोजमापात अनेक शक्यतांपैकी एकच उरते असे न मानता सर्व शक्यता आपापल्या शाखेत वास्तव राहतात, असा त्याच्या मांडणीचा अर्थ लावला जातो. 1970 मध्ये ब्राइस डविट यांनी ‘अनेक जगे’ या नावाने ती लोकप्रिय केली. तिच्यात मानवी निर्णयाला खास स्थान नाही आणि फुटलेल्या शाखांमध्ये येजाही होत नाही. अर्थात कथेला ही येजा हवीच असते आणि ती सूट वाचक आनंदाने देतो. मात्र एकदा सूट घेतली की तिचे नियम लेखकाने पाळायचे असतात. इथे यंत्र तीनदाच चालेल असे आरंभी बजावले जाते आणि शेवटी नायिका नुसत्या इच्छाशक्तीने जग ओलांडते.

दुसरी चूक अधिक गंभीर आहे आणि ती आधी भाचीने हेरली. पुस्तक अर्धे झाले असताना तिने विचारले, “मावशी, पण तिथल्या मुलीचं काय झालं? बाबा तर तिचे आहेत ना?” नायिका दुसऱ्या जगातल्या स्वतःची जागा घेते, म्हणजे कोणाला तरी त्या जागेवरून हटवते. या कल्पनेचा गाभा इथेच आहे. आपले हरवलेले माणूस परत मिळवायचे तर ते दुसऱ्या कोणाकडून हिरावून घ्यावे लागेल, आणि ती दुसरी व्यक्तीही आपणच असू. कादंबरी हा प्रश्न एका ओळीत निकालात काढते: तिथली मुलगी ‘झोपली आहे’. मग दोनशे पाने एका मुलाच्या प्रेमात जातात. तो दोन्ही जगांत तिच्यावर तेवढेच प्रेम करतो, त्यामुळे कोणते जग निवडले याने काहीच बिघडत नाही. शेवटी दोन्ही जगे एक होतात, वडील जिवंत राहतात, सर्वांना सगळे आठवते. कोणीही काही गमावत नाही.

किशोरांना कठोर शेवट झेपत नाही, ही सबब टिकत नाही. फिलिप पुलमन यांच्या त्रयीतला सूक्ष्म सुरा जगाजगांमध्ये खिडक्या कापतो, पण प्रत्येक खिडकीबरोबर एक भक्षक पिशाच जन्माला येते, आणि परक्या जगात माणूस फार वर्षे तग धरू शकत नाही. म्हणून 2000 साली आलेल्या तिसऱ्या खंडाच्या अखेरीस लायरा आणि विल या मुलांना आपापल्या जगात कायमचे परतावे लागते. मुलांनी ही पुस्तके जगभर वाचली.

मराठीत तर जयंत नारळीकरांची ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ ही कथा आहे. 1761 च्या लढाईत विश्वासरावांना गोळी लागली. कथेतल्या दुसऱ्या जगात ती त्यांना चाटून जाते. एवढ्याशा फरकातून मराठ्यांच्या विजयाचा आणि त्यामुळे बदललेल्या हिंदुस्थानचा सगळा हिशेब नारळीकर मांडतात. इतिहासाचे प्राध्यापक असलेले गंगाधरपंत त्या परक्या मुंबईत पोचल्यावर ग्रंथालय गाठतात आणि फाटा नेमका कुठे फुटला ते बखरीत शोधतात. भावना आणि तर्क तिथे एकमेकांना सोडत नाहीत. पुरावा म्हणून त्यांच्याजवळ फक्त बखरीचे एक फाटलेले पान उरते, आणि त्या जगात परत जाण्याची वाट त्यांना मिळत नाही.

भाचीने अमेरिकन कादंबरी संपवून परत दिली, तेव्हा ही कथा तिच्या हाती ठेवली गेली. ती तिने एका बैठकीत वाचली. नंतर तिने आपल्या आजोबांविषयी पहिल्यांदाच नीट विचारले: ते किती वाजता निघाले होते, लवकर का निघाले होते. कारण साधे होते. वाटेत लोणावळ्याला थांबून त्यांना मुलींसाठी चिक्की घ्यायची होती. ही गोष्ट घरात इतक्या वर्षांत कोणी मोठ्याने सांगितली नव्हती.

त्या कादंबरीचे आणखी दोन भाग निघाले आहेत. ते कोणी घेऊ नयेत. मुलांना समांतर जगांची ओढ असेल तर पालकांनी आणि शिक्षकांनी आधी नारळीकरांची ती कथा त्यांच्या हाती द्यावी, आणि ती वाचून झाल्यावर मुले जे विचारतील त्याचे खरे उत्तर द्यावे.