आवाज आहे, चित्र नाही

घरातली एखादी वस्तू हरवली, तर ती शोधण्याचे ठराविक मार्ग असतात. माळा पाहावा, फडताळ उपसावे, शेवटी शेजारणीला विचारावे. परंतु वस्तू डोळ्यांसमोर आहे, तिचे नाव, आकार, तारीख सारे जागच्या जागी आहे आणि तरीही ती हाती लागत नाही, असा प्रसंग पूर्वी फारसा येत नसे. संगणक घरोघर आल्यापासून तो वारंवार येऊ लागला आहे. लग्नाची, मुंजीची, बारशाची चित्रफीत आपल्या संगणकात आहे असे आपण अभिमानाने सांगतो, पाहुण्यांना समोर बसवतो आणि पडद्यावर काळोख पसरतो. त्या काळोखातून आवाज मात्र येत राहतो. कधी याच्या उलट घडते. माणसे हसताना, बोलताना दिसतात, पण ऐकू काहीच येत नाही.

आमच्याकडे हे घडले ते आईवडिलांच्या लग्नाच्या पन्नासाव्या वाढदिवसाच्या चित्रफितीबाबत. हा समारंभ २००१ साली जबलपूरच्या आमच्या घरी झाला. भाऊजींनी आपल्या छोट्या कॅमेऱ्याने तो टिपला, पुढे टेपवरून संगणकात उतरवला आणि बावीस मिनिटांची फाइल सीडीवर घेऊन भावंडांना वाटली. आता वडील नाहीत, आईही नाही. मूळ टेपला बुरशीने खाल्ले. गेल्या दिवाळीत ताई हैदराबादहून आली आणि फराळाच्या ताटावरच म्हणाली, "आज आईला पाहू या." तिच्या मुलीने फाइल नव्या संगणकावर उघडली. आवाज स्वच्छ होता, चित्र काळेभोर.

बावीस मिनिटे आम्ही तो काळोख ऐकला. कुकरची शिट्टी, कुणाच्या तरी हातून पडलेली वाटी, वडिलांचे खाकरणे. मध्येच आईचा आवाज आला, "पुरे, पुरे आता!" ताईचे म्हणणे असे, की आई कॅमेऱ्यावर वैतागली असणार, फोटो काढून घेणे तिला कधीच आवडले नाही. भाची म्हणाली, "नाही गं आई, आजी रागावलेली वाटत नाही." दोघींचा वाद मिटवण्याला आमच्यापाशी काहीच साधन नव्हते.

दुसऱ्या दिवशी संगणक दुरुस्त करणाऱ्या एका दुकानदाराने दोन मिनिटांत निकाल दिला: "फाइल खराब झाली आहे. काढून टाका, तेवढीच जागा मोकळी होईल." असा निकाल देणारे हरएक शहरात आहेत, आणि त्यांच्या शब्दावर विसंबून किती घरांतली माणसे कायमची पुसली गेली असतील, याचा विचार मनात आला की अस्वस्थ व्हायला होते. वास्तविक जी फाइल आवाज इतका स्वच्छ देते, ती सबंध खराब आहे असे मानण्याची इतकी घाई कशाला?

हा प्रकार समजण्यासाठी थोडे गणित करावे लागते. जुन्या दूरदर्शन पद्धतीच्या एका चित्रात ७२० गुणिले ५७६ ठिपके असतात. एकेका ठिपक्याच्या रंगाला ३ बाइट धरले आणि सेकंदाला २५ चित्रे घेतली, तर सेकंदाला सुमारे ३१ मेगाबाइट होतात. तासाला ११२ गिगाबाइट. या हिशेबाने ७०० मेगाबाइटच्या सीडीवर जेमतेम बावीस सेकंद मावावेत. भाऊजींनी तीवर बावीस मिनिटे बसवली ती संक्षेपाच्या बळावर. मागची भिंत जागची हलत नाही, मग ती प्रत्येक चित्रात नव्याने कशाला लिहायची? हललेला हात, वळलेली मान तेवढीच लिहावी. डोळ्याला न जाणवणारे रंगभेद गाळावेत. असे आखडून लिहिण्याची आणि पाहताना ते पुन्हा उलगडण्याची जी रीत, तिला कोडेक म्हणतात. अशा रीती एक नव्हे, अनेक आहेत; आणि एका रीतीने लिहिलेले दुसरीने वाचता येत नाही.

मराठी माणसाला हे समजावून सांगण्याची फारशी गरज पडू नये. आमच्या ट्रंकेत आजोबांच्या वेळचा जमिनीचा एक कागद आहे. तो मोडीत आहे. भाषा आपली, माणसे आपली, गावाचे नावही आपले. पण घरात कुणालाच तो वाचता येत नाही. तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयातही मराठी मोडी कागदांचा मोठा संग्रह आहे. मोडी येत नाही म्हणून ते कागद खराब झाले असे कुणी म्हणत नाही, वाचणारा शोधतात. भाऊजींच्या फाइलचेही तसेच होते. तीत आवाज साध्या लिपीत होता, चित्र मात्र अशा लिपीत, की जिचा वाचक आमच्या नव्या संगणकात नव्हता.

लिपी कोणती, हे फाइलच्या नावावरून कळत नाही, ही यातली खरी मेख. आमच्या फाइलच्या शेवटी एव्हीआय ही अक्षरे होती. पण एव्हीआय हा नुसता डबा. मायक्रोसॉफ्टने तो १९९२ साली काढला, आणि त्यात चित्र कोणत्याही रीतीचे भरता येते. डब्यावर साखर लिहिले म्हणून आतले मीठ गोड होत नाही; तद्वतच शेवटची तीन अक्षरे बदलून चित्र उमटत नाही. मात्र डब्याच्या आत, अगदी आरंभी, चार अक्षरांची एक खूण असते. मीडियाइन्फो नावाचे एक विनामूल्य साधन ती वाचून दाखवते. भाचीने ते लावले आणि खूण निघाली: आयव्ही५०.

म्हणजे इंडिओची पाचवी आवृत्ती. इंडिओ ही इंटेल कंपनीने काढलेली रीत. एके काळी ती विंडोजबरोबरच येई. पुढे तिच्यातील उणिवांचा फायदा घेऊन संगणकात शिरकाव करता येतो असे आढळले, तेव्हा डिसेंबर २००९ मध्ये मायक्रोसॉफ्टने त्या वेळच्या विंडोजवर मीडिया प्लेयर व इंटरनेट एक्सप्लोरर यांतून तिचा वापर रोखला. तो निर्णय सुरक्षेच्या दृष्टीने योग्यच होता. तथापि भाऊजींसारख्या गृहस्थाला, ज्याने २००१ साली संगणकाने पुढे केलेली रीत निमूटपणे स्वीकारली, त्याला हे कळवायला कुणी आले नाही.

अशा वेळी पुष्कळ लोक आंतरजालावर कोडेकचे गठ्ठे शोधत बसतात. इथे सावध असावे. "हे चित्र पाहण्यासाठी अमुक कोडेक उतरवून घ्या" असे सांगून संगणकात विष पेरणारे भामटे पूर्वी फार माजले होते. झ्लॉब हा त्यातलाच एक कुप्रसिद्ध प्रकार. शिवाय प्रामाणिक गठ्ठेही एकमेकांशी भांडतात आणि चालू असलेले बंद पाडतात. त्यापेक्षा ज्याच्या पोटातच पुष्कळ लिप्या आहेत असा वाचक घरी आणावा. व्हीएलसी हा असा एक आहे. १९९६ साली पॅरिसजवळच्या एकोल सेंट्राल या अभियांत्रिकी संस्थेतील विद्यार्थ्यांनी आपल्या वसतीच्या जाळ्यावरून दूरदर्शन पाहता यावे म्हणून जो उपक्रम आरंभला, त्यातून तो निघाला. २००१ मध्ये तो सर्वांसाठी खुला झाला. त्याच्या आत एफएफएमपेग या दुसऱ्या खुल्या प्रकल्पाची विद्या आहे, जो फाब्रिस बेलार यांनी २००० साली सुरू केला. कंपन्यांनी सोडून दिलेल्या लिप्या या मंडळींनी उलगडून ठेवल्या आहेत. मला विचाराल, तर हे काम जुने दफ्तर वाचणाऱ्या संशोधकांच्या तोडीचे आहे. त्याला ग्रंथालयाची इमारत नाही, इतकेच.

हा ताप जुन्याच फितींना होतो असेही नाही. २०१७ पासून आयफोन एचईव्हीसी या २०१३ सालच्या रीतीने चित्रण करू शकतो. तसे चित्रण नातवाने धाडले आणि आजोबांच्या विंडोज संगणकावर ते उमटले नाही, ही तक्रार आता घरोघरची झाली आहे. या रीतीवर अनेकांचे स्वामित्वहक्क आहेत, म्हणून तिचा वाचक विंडोजच्या दुकानातून विकत घेण्याची सूचना येते. पैसे थोडेच, पण आपल्याच नातवाचे तोंड पाहण्यासाठी मोजायचे, हे काही मनाला रुचत नाही. व्हीएलसी असला म्हणजे तेवढे वाचतात.

भाचीने व्हीएलसी लावला आणि आमची फाइल उघडली. चित्र लहान होते, कडा थोड्या चौकटीचौकटींच्या. पण चित्र होते. पंगत बसलेली. वडील वाढायला उठलेले, जे त्यांनी उभ्या आयुष्यात क्वचितच केले असेल. हातात श्रीखंडाचे पातेले. आईच्या ताटात त्यांनी एक पळी वाढली, मग दुसरी, तिसऱ्या पळीला तिने ताटावर हात आडवा धरला, हसत हसत मान वर केली, आणि म्हणाली, "पुरे, पुरे आता!" वडिलांनी तिच्या हाताशेजारून तिसरी पळी वाढलीच. ताईने काहीच म्हटले नाही. तिने भाचीच्या पाठीवरून हात फिरवला आणि तेवढा भाग पुन्हा लावायला सांगितला.

त्याच रात्री आम्ही फाइलची नवी प्रत केली, एच.२६४ या रीतीत. ही रीत २००३ सालची. तिचे नियम छापून प्रसिद्ध झालेले आहेत आणि बहुतेक सर्व फोन, दूरदर्शन संच व संगणक ती ओळखतात. अशा रूपांतरात चित्राचा कस थोडा उतरतो, म्हणून मूळ फाइल पुसायची नाही हे आधीच ठरवले होते. दोन्ही फाइली एका पेनड्राइव्हवर घालून ताई हैदराबादला घेऊन गेली, दुसरा संच माझ्या कपाटात आहे. पाकिटावर भाचीने आपल्या टपोऱ्या अक्षरात लिहून ठेवले आहे: "आजीआजोबा, २००१. जुनी फाइल आयव्ही५०, व्हीएलसीत उघडते."