लिथ फिल्मचीं पावणेतीन मिनिटें

छायाचित्र म्हटलें कीं ऊन-सावलीच्या सौम्य छटा डोळ्यांपुढें येतात. परंतु लिथ फिल्म म्हणून जी जात आहे, तिला छटा ठाऊकच नाहींत. प्रकाश लागला तेथें ती गडद काळी होते. न लागला तेथें काचेसारखी निर्मळ राहते. वर्तमानपत्रांतील करडा चेहराही वस्तुतः लहानमोठ्या काळ्या ठिपक्यांचाच असतो. लोणावळ्यास दादासाहेब फाळके यांनीं छापखाना काढला, तेव्हां छायाचित्रावरून ठसे उठविण्याच्या अशाच कामांत त्यांचा हात मुरला होता; 'राजा हरिश्चंद्र' पुढें १९१३ सालीं आला.

लोणावळ्याहून पुण्याकडे येतांना लागणाऱ्या पिंपरी-चिंचवडच्या कारखानदारीसही हाच गुण हवा होता. विद्युत्-फलकावर तांब्याच्या रेषा उठवावयाच्या, तर कड करडी राहून कसें चालेल? तांबें कोठें राखावयाचें व कोठें आम्लास द्यावयाचें, याचा निवाडा त्या कडेवरच होतो.

संगणक येण्यापूर्वीं भोसरीच्या एका लहानशा कारखान्यांत हें काम आम्हीं पाहिलें आहे. या फिल्मला तांबडा प्रकाश जाणवत नाहीं, म्हणून खोलींत तांबडा दिवा. डेव्हलपरचे दोन भाग निरनिराळ्या बाटल्यांत ठेवीत, कारण एकत्र केल्यावर तें मिश्रण कांहीं तासांतच निकामी होई. त्यांतील हायड्रोक्विनोनची क्रिया विरजणासारखी आहे. जो कण आधीं काळा होतो, त्याच्यापासून निघणारें द्रव्य प्रकाश लागलेल्या शेजारच्या कणांनाही त्वरेनें काळें करतें. आरंभीं चित्र रेंगाळतें आणि मग काळिमा झपाट्यानें पसरतो.

नवशिका येथेंच फसतो. तांबड्या दिव्याखालीं चित्र पूर्ण झालेंसें वाटून तो फिल्म उचलतो. उजेडांत धरावी, तों काळ्यांतून प्रकाश पाझरतो! म्हणून तेथील वृद्ध कारागीर डोळ्यांवर विसंबत नसत. उन्हाळ्यांत भांड्याभोंवतीं बर्फ ठेवून द्रावण २० अंश सेल्सिअसवर आणीत, आणि पावणेतीन मिनिटें भरल्यावरच फिल्म ॲसेटिक आम्लांत व तेथून हायपोंत घालीत.

आज असल्या बहुतेक अंधाऱ्या खोल्या बंद झाल्या आहेत, व त्याबद्दल हळहळण्याचें कारण नाहीं. परंतु 'होय कीं नाहीं' असें चटकन् विचारण्याची संवय आपल्या घरोघरीं वाढत आहे. मुलांस निश्चित उत्तर देण्यास आपण अवश्य शिकवावें. मात्र त्यापूर्वींचीं पावणेतीन मिनिटें थांबण्यासही शिकवावें, एवढेंच आमचें म्हणणें आहे.