पाणीवाल्याचा पगार आणि माझा मंथ-एण्ड

मार्च आला की ऑफिसातली हवाच बदलते. एचआरवाले अप्रेझलचे फॉर्म वाटत सुटतात, अकाउंट्सवाले जुनी बिलं मागत फिरतात आणि बॉस 'बजेट संपलंय' या दोन शब्दांवर अख्खा महिना काढतो. अशा वेळी कॅन्टीनमध्ये कुणीतरी उसासा टाकतंच, 'सरकारी नोकरी पाहिजे होती यार! अकराला जा, चारला निघा, पगार एक तारखेला.' खरं सांगा, तुम्हीही म्हटलंय ना हे कधीतरी?

मी फ्रीलान्सर. त्यामुळे मला हे वाक्य जरा जास्तच टोचतं. मला ना ठरलेले तास, ना एक तारीख. गेल्या वर्षी एका कंपनीच्या (नाव जाऊ दे!) न्यूजलेटरचे पैसे तब्बल चार महिन्यांनी हातात पडले. तोवर भाडं, आईची औषधं आणि लॅपटॉपचा हप्ता यांची रोज रात्री माझ्या डोक्यात कबड्डी चालायची. त्यात एक फुलटाइम नोकरीची ऑफर आली. पैसे कमी, पण दर महिन्याला नक्की. हो म्हणू की नाही? विचार करायला म्हणून चार दिवस मालगुंडला गेले. बाबांनी निघताना कामही सोपवलं, 'घरपट्टी भरून ये, आणि पावती आण.'

मालगुंड म्हणजे गणपतीपुळ्याच्या शेजारचं गाव. कवी केशवसुतांचा जन्म इथला, १८६६ चा. कोकण मराठी साहित्य परिषदेने उभारलेलं त्यांचं स्मारक बघायला टुरिस्ट येतात, मग गायवाडीच्या किनाऱ्यावर फोटो काढतात आणि पुढे जातात. आमचं घर वाडीत, आतल्या बाजूला. चार भावांचं घर. त्यातला एकच भाग बारा महिने उघडा असतो, तो काकांचा.

काका म्हणजे बाबांचे चुलतभाऊ. तीस वर्षांहून जास्त ग्रामसेवक आणि नंतर ग्रामविकास अधिकारी म्हणून जिल्ह्यातल्या वेगवेगळ्या गावांत नोकरी केली आणि २०२३ मध्ये निवृत्त झाले. २०२४ मध्ये सरकारने ही दोन्ही पदं एकत्र करून 'ग्रामपंचायत अधिकारी' असं नाव दिलं, पण वाडीत काका अजूनही 'भाऊ ग्रामसेवक'च आहेत. पडवीत चहा पिताना मी तेच कॅन्टीनचं वाक्य त्यांना ऐकवलं.

'काय गो, अकरा ते चार?' काका हसले. 'आमच्या पाणीवाल्याला सांगून बघ.'

आठवडा पाच दिवसांचा, टाकी सात दिवसांची

आधी सरकारी वेळेचा हिशोब. महाराष्ट्रात २९ फेब्रुवारी २०२० पासून राज्य सरकारच्या कार्यालयांना पाच दिवसांचा आठवडा लागू झाला. वेळ पावणेदहा ते सव्वासहा, मध्ये अर्धा तास जेवणाचा. शिपायांची वेळ साडेनऊ ते साडेसहा. आपल्याला वाटलं, चला, यांची तर ऐश झाली! पण काकांनी जुन्या वहीचं मागचं पान काढलं. पूर्वी रोज सव्वासात तास आणि वर्षाला २८८ दिवस, म्हणजे २०८८ तास. आता रोज आठ तास आणि २६४ दिवस, म्हणजे २११२ तास. कागदावर तरी काम २४ तासांनी वाढलं. सुट्टी वाढली आणि तासही वाढले, हे गणित आपल्या एचआरला सुचलं नाही म्हणजे नवलच!

पण गावची पाण्याची टाकी शनिवार-रविवार ओळखत नाही. लहान ग्रामपंचायतीत माणसं असतात तरी किती? एक क्लार्क, एक शिपाई, एक पाणी सोडणारा, एखादा सफाई कामगार. अधिकाऱ्याकडे पुष्कळदा दोन-दोन गावांचा चार्ज. पंप पहाटे चालू करायचा, टाकी भरली की एका वाडीचा व्हॉल्व्ह उघडायचा, तो बंद करून दुसरीचा. कोकणात पाऊस तीन हजार मिलिमीटरच्या वर पडतो आणि मे महिन्यात विहिरी तळ गाठतात. तेव्हा व्हॉल्व्ह पाच मिनिटं उशिरा फिरला तरी भांडण ठरलेलं.

बँकेत पैसे, पण पगाराला नाहीत

मग काकांनी २०२२ सालची एक गोष्ट सांगितली. गावाचं नाव सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. तिथल्या पाणीवाल्याचा पाच महिन्यांचा पगार थकला होता. त्याच वेळी ग्रामपंचायतीच्या खात्यात लाखांमध्ये रक्कम पडून होती. एक दिवस तो पाणीवाला ऑफिसात आला, किल्ल्यांचा जुडगा टेबलावर ठेवला आणि म्हणाला, 'भाऊ, मुलीची फी भरायची आहे. खात्यात पैसे आहेत म्हणतात, मग मला का नाहीत?'

मलाही तोच प्रश्न पडला. इथेच आपलं ऑफिसचं बजेट आणि गावचं अंदाजपत्रक वेगळं होतं. खात्यातले पैसे होते पंधराव्या वित्त आयोगाचे. २०२१-२२ ते २०२५-२६ या पाच वर्षांसाठी आलेल्या या निधीतला ६० टक्के भाग 'बंधित', म्हणजे पिण्याचं पाणी आणि स्वच्छता यांच्याच कामांना. उरलेला ४० टक्के 'अबंधित', गावाच्या गरजेप्रमाणे वापरायचा, पण पगार आणि आस्थापना सोडून! म्हणजे नवी पाइपलाइन टाकता येते, पण तिचा व्हॉल्व्ह फिरवणाऱ्याला त्यातून पगार देता येत नाही.

मग पगार कुठून? सरकारने ऑगस्ट २०२० मध्ये ग्रामपंचायत कर्मचाऱ्यांचं किमान वेतन वाढवलं. त्यातला एक वाटा सरकार देतं, पण तो करवसुलीशी जोडलेला. वसुली कमी तर सरकारचा वाटाही कमी. ही अट काढा, अशी कर्मचारी संघटनांची जुनी मागणी आहे. बाकीचा वाटा ग्रामपंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातून, म्हणजे घरपट्टी, पाणीपट्टी, दिवाबत्ती कर. त्या उत्पन्नालाही आधीच वाटेकरी असतात. १५ टक्के मागासवर्गीयांसाठी, १० टक्के महिला-बालकल्याणासाठी, ५ टक्के दिव्यांगांसाठी. हे खर्च हवेतच, त्याबद्दल वाद नाही. पण गावातली निम्मी घरं बंद, मालक मुंबई-पुण्यात आणि घरपट्टी थकलेली असेल, तर शेवटी कात्री कुणाला लागते? किल्ल्यांचा जुडगा ज्याच्या हातात आहे, त्यालाच.

काकांनी काय केलं?

दोन गोष्टी केल्या. पहिली तासांची. पंधरा दिवस त्यांनी पाणीवाल्याच्या कामाची वेळ लिहून काढली. पहाटे साडेचार ते साडेआठ, संध्याकाळी चार ते साडेसहा. हे झालं पाण्याचं खरं काम, साडेसहा तास. पण मधल्या वेळात 'जरा ही नोटीस देऊन ये', 'जरा सरपंचांकडे जाऊन ये', 'जरा दिवा बघ' असे सगळे 'जरा' जमवले तर दिवस बारा तासांचा व्हायचा. काकांनी ते 'जरा' शिपायाकडे वळवले, पाणीवाल्याकडे दीड तास दुरुस्तीचा ठेवला आणि आठ तासांवर रेघ मारली. शिपायाला व्हॉल्व्ह शिकवले, म्हणजे पाणीवाल्याला गुरुवारची सुट्टी मिळाली. शिपाई दोन आठवडे तोंड फुगवून होता. पण त्याच्याही रविवारी पाणीवाला ऑफिस उघडायला यायला लागला, तेव्हा निवळला.

दुसरी वसुलीची. वसुलीची मोहीम म्हणजे मार्च, हे सगळीकडे ठरलेलं. पण मार्चमध्ये कोकणातल्या बंद घरासमोर उभं राहून कुणाकडे मागणार? कुलपाकडे? काकांनी मोहीम गणपतीत घेतली. त्या वर्षी गणपती ३१ ऑगस्टला होते. चाकरमानी आलेले, दारं उघडी, माणसं खुशीत. वाडीनिहाय थकबाकीची यादी घेऊन काका आणि सरपंच घरोघर गेले. सोबत पाणीवाला.

'त्याला कशाला नेलंत?' मी विचारलं.

'मागायला नाही नेला,' काका म्हणाले. 'नुसता उभा होता. पण ज्याच्या हातचं पाणी दहा दिवस पाहुण्यांना पाजायचं, तो पाच महिने बिनपगारी आहे, हे कळल्यावर माणसं पाकीट काढतात.'

सगळ्यांनी काढलं नाही. काहींनी 'सणासुदीला दारात वसुली?' म्हणून सुनावलं. एका घरात चौघा भावांत तिथेच जुंपली, पट्टी कुणी भरायची यावरून. काकांना अजून वाटतं की ती चार घरं टाळता आली असती. पण दिवाळीपर्यंत पाणीवाल्याचा थकलेला पगार चुकता झाला. बाकीच्या कामांपैकी ऑफिसची रंगरंगोटी मात्र त्या वर्षी राहिलीच. ती अजून झाली का, हे काकांनी सांगितलं नाही.

आणि माझं अंदाजपत्रक?

त्या रात्री मी काकांच्या वहीचं एक कोरं पान मागून घेतलं. ग्रामपंचायतीचा नमुना १ म्हणजे अर्थसंकल्प. म्हटलं, आपणही आपला नमुना १ काढू. 'बंधित' मध्ये भाडं, आईची औषधं, हप्ता. 'अबंधित' मध्ये बाकी सगळं. मग पंधरा दिवसांचे तास आठवून लिहिले. लिखाणाचे तास निघाले रोजचे पाच. उरलेला वेळ कशात जातो? 'जरा हेडिंग बदलून दे', 'जरा कॉलवर ये', 'जरा लोगो बघ'. या 'जरां'चं बिल मी कधी लावलंच नव्हतं आणि कुणी आपणहून दिलंही नव्हतं.

नोकरीची ऑफर मी नाकारली. हिशोब मांडल्यावर दिसलं की माझी अडचण कामाची नाही, वसुलीची आहे. आता प्रत्येक कामाचे अर्धे पैसे आधी घेते. दोन क्लायंट गेले. तिसऱ्याने कुरकुर केली आणि पैसे पाठवले. दर महिन्याची एक तारीख अजून धडकी भरवतेच, पण रात्रीची कबड्डी थांबली.

घरपट्टी भरली. आमच्या भागाची रक्कम दोघांच्या मल्टिप्लेक्सच्या तिकिटांपेक्षा फार नव्हती, तीही पॉपकॉर्न न घेता! पावती बाबांना दिली, त्यांनी ती नीट फाइलला लावली. तुमचंही गावात एखादं कुलूपबंद घर असेल, तर यंदा गणपतीला जाताना मोदकांच्या साच्याबरोबर जुनी पावतीही सोबत घ्या. शेवटची पट्टी कुठल्या वर्षी भरली आहे ते बघा. आणि मग पहाटे तुमच्या वाडीचा व्हॉल्व्ह कोण फिरवतं, तेही विचारा.