बिंदुसरेच्या काठानं

मागच्या दिवाळीत भाऊबीजेला बीडला गेलो होतो. भाऊबीज खरं तर बाबांची. ते गेल्यापासून आत्याकडं ओवाळून घ्यायला मी जातो, कारण तिच्या मते पाट रिकामा ठेवायचा नसतो. ओवाळून झालं, करंज्या झाल्या, आणि तिनं मोबाईल माझ्यापुढं धरला. "हे वाच जरा. चष्मा सापडंना."

गावातल्या एका निवृत्त भूगोलाच्या सरांचा मेसेज होता. रविवारी सकाळी साडेसहाला कंकालेश्वरापाशी जमायचं, 'नदीकाठच्या बागा' बघत चालत जायचं, शेवटी खजाना बावडीवर पोहे. शुल्क नाही, पाण्याची बाटली आपापली.

मला हसूच आलं. बीडमध्ये नदीकाठच्या बागा? पुण्यात अशा फेऱ्या पुष्कळ निघतात, मीही दोन-तीन केल्यात. संभाजी बाग, तिकडं खाली बंडगार्डन, पाट्या लावलेली झाडं, टोप्या घातलेली माणसं. पण बिंदुसरेच्या काठाला लहानपणापासून मी बघत आलोय ते वेडी बाभूळ, बेशरम आणि प्लास्टिकच्या पिशव्या. तसं म्हटलंही.

आत्या म्हणाली, "जायचंय मला."

यात नवल काय ते घरच्यांना कळेल, बाकीच्यांना सांगायला हवं. आत्यानं १९८९ नंतर नदीच्या त्या काठाला पाय लावलेला नव्हता. रिक्षावाल्याला लांबचा रस्ता घ्यायला लावायची आणि वर भाड्यावरून त्याच्याशी भांडायची. कारण कधी कुणी विचारलं नाही. सगळ्यांना माहीतच होतं, असं आपण धरून चाललो होतो.

रविवारी वीसेक माणसं जमली. चार-पाच कॉलेजची पोरं, बँकेतून रिटायर झालेले दोघं, एक डॉक्टरीणबाई आणि तिचा झोपाळू मुलगा. सर म्हणजे बारीक अंगाचे, सत्तरीच्या आसपासचे, खांद्याला शबनम, हातात छत्रीची काठी. कंकालेश्वर पाण्याच्या मधोमध उभं आहे. सकाळच्या वेळी पाणी हलत नसलं की देऊळ दोनदा दिसतं. मला वाटलं आता शिल्पांवर अर्धा तास जाणार, पण सरांनी पाच मिनिटांत आटोपलं. "देवळावर बोलणारे पुष्कळ आहेत. आज आपण पाण्यावर बोलू," म्हणाले आणि चालू लागले. ते मला आवडलं.

सांगायची त्यांची पद्धत मजेशीर होती. जिथं काहीच नाही तिथं थांबायचे. एका टायरच्या दुकानापुढं थांबून विचारलं, "माळीवेस नाव कशावरून पडलं?" एक पोरगं म्हणालं, "माळी राहायचे म्हणून." "मग माळी काय टायर विकायचे का?" सगळे हसले. मग त्यांनी सांगितलं की वेशीला माळ्यांचं नाव मिळतं तेव्हा जवळपास मळे असावे लागतात आणि मळ्याला पाणी लागतं. गावाच्या नावांतून बागा अजून गेल्या नाहीत, जमिनीवरून गेल्या. पाटाची एक जुनी दगडी कड त्यांनी काठीनं उकरून दाखवली. मला तो नुसता दगड वाटला. आत्यानं मात्र वाकून हात लावून पाहिला.

नदीवर आलो. नोव्हेंबर असूनही पाणी होतं, म्हणजे पाणी म्हणायचं. सरांनी नाकाला रुमाल लावायला मनाई केली होती. "आपलंच आहे," म्हणाले.

बिंदुसरा तशी चिमुकली नदी. बालाघाटाच्या डोंगरात उगवते, तीसेक किलोमीटरवर बीड, पुढं सिंदफणेला मिळते आणि सिंदफणा गोदावरीला. वर्षातले आठ-नऊ महिने तिला नदी म्हणायला जीभ धजत नाही. सर म्हणाले, मोठ्या नदीचा पूर चढायला वेळ घेतो, माणसाला गाठोडं बांधू देतो. ही डोंगरावरून उतरते ती थेट दारात. वर पालीजवळचा तलाव १९५५ च्या सुमाराचा. लोकांना वाटलं आता नदी बांधली गेली. आणि रिकामं पात्र रोज बघून बघून माणसाला ती जागा आपलीच वाटायला लागते.

"पूर्वी इथं काठावर बागा का होत्या? शौक म्हणून नाही. बागेत पाणी शिरलं तर गाळ सोडून जातं, पुढच्या वर्षी वांगी दुप्पट. खोलीत शिरलं तर काय सोडून जातं?"

कोणी उत्तर दिलं नाही. २३ जुलै १९८९. बीडमध्ये ही तारीख सांगावी लागत नाही. त्या पोरांचा तेव्हा जन्म नव्हता, पण त्यांनाही ठाऊक होती.

कोतवाली वेशीपाशी चहा झाला आणि तिथून सर आम्हाला एका बोळात घेऊन गेले. बोळाच्या तोंडाशी आल्यावर मी आत्याकडं बघितलं. ती पुढंच बघत होती.

तो आमचा बोळ होता. म्हणजे आजोबांचा. वाडा वरच्या अंगाला होता, त्याच्या मागं उतरत नदीपर्यंत परसबाग. मी ती बाग पाहिलेली नाही, बाबांकडून ऐकलेली. मी पाहिल्या त्या खोल्या. चार होत्या, पत्र्याच्या, एका ओळीत, नदीकडं पाठ करून. आम्ही परळीला असायचो, सुट्टीत बीडला आलो की त्या खोल्यांपुढच्या ओट्यावर पत्ते खेळायचो. आता तिथं तीन मजली इमारत आहे, खाली मोबाईलचं दुकान.

सर काठीनं इमारतीकडं दाखवत म्हणाले, "ही जागा बघा. पुराच्या आधीपासूनचं उदाहरण आहे. इथं चार झाडांची बाग होती. मालकानं झाडं तोडली, मुरमाचा भराव घातला आणि भाड्याच्या लोभानं खोल्या काढल्या. नदीत. पुरात काय झालं असेल ते तुम्हीच समजा."

एका पोरानं इमारतीचा फोटो काढला. मी खिशातून मोबाईल काढून उगाच काहीतरी बघायला लागलो. लहानपणी वर्गात बाई रागावल्या की मी दप्तरात पेन्सिल शोधायचो, तसं. आत्यानं पदर खांद्यावरून ओढून घेतला आणि इमारतीच्या पायाकडं बघत राहिली.

आता खरं सांगतो. आमच्या घरात पुराची गोष्ट शंभरदा सांगितली गेली आहे. नदीनं आपलं सगळं नेलं, असं तिचं पहिलं वाक्य. आजीचं तांब्याचं घंगाळ, आजोबांच्या वह्या, शिवणयंत्र. परळीच्या शाळेत मला बाईंनी वर्गापुढं उभं करून सांगितलं होतं की याच्या आजोबांचं घर पुरात गेलं, आणि मधल्या सुट्टीत पोरांनी मला डब्यातलं खायला दिलं होतं. पण वाडा गेला नव्हता. वाड्याच्या अंगणात गुडघाभर पाणी होतं. गेल्या त्या खोल्या. आणि खोल्यांत माणसं राहत होती, हे आमच्या गोष्टीत कधी आलंच नाही. मी ओट्यावर त्यांच्या पोरांबरोबर पत्ते खेळलो होतो, तरी मलाही कधी विचारावंसं वाटलं नाही. इतकी ती गोष्ट गुळगुळीत झाली होती.

पुढचा रस्ता जीपमधून. बावडी गावापासून सहाएक किलोमीटर, चालत न्यायची सरांची हौस होती, पण डॉक्टरीणबाईंनी साफ नकार दिला. जीपमध्ये आत्या माझ्या शेजारी बसली होती. एक शब्द नाही.

खजाना बावडी मी शाळेच्या सहलीत पाहिली होती, तेव्हा तिथं आमच्यात फक्त ओरडून आवाज घुमतो का ते बघायची चढाओढ झाली होती. १५८२ साली बीडचा जहागीरदार सलाबतखान यानं ती बांधली, मूर्तझा निजामशहाच्या काळात. गोल, रुंद, दगडी. विहिरीच्या मानानं खोल नाही. सगळी गंमत भुयारांत आहे. आत पाणी येतं ते भुयारातून आणि बाहेर जातं तेही भुयारातून, नुसत्या उताराच्या जोरावर. मोट नाही, इंजिन नाही, विजेचं बिल नाही. ते पुढं गावाकडच्या शेतांना मिळतं. दुष्काळात बीड कोरडं पडलं तरी बावडीत पाणी असायचं, असं जुनी माणसं सांगतात. निजामशाहीतल्या लोकांना पाण्याचं वेडच होतं म्हणा, नगरचा फराहबागही त्याच शतकातला, तळ्याच्या मधोमध महाल. सर म्हणाले, "नदी जे चार महिन्यांत एकदम देते ते यानं बारा महिन्यांना वाटून दिलं. आणि बांधलं कुठं? नदीच्या पात्रात नाही."

पोहे आले. सगळे कठड्याशी बसले. आत्या पायऱ्या उतरून पाण्यापर्यंत गेली, मीही मागं गेलो, शेवाळावरून घसरेल म्हणून. चप्पल काढून तिनं पाय पाण्यात सोडले आणि मान वर न करता बोलायला लागली.

"दुसऱ्या खोलीत ती राहायची. नवरा ट्रकवर क्लीनर. दोन लेकरं, थोरला आणि एक पोरगी. रविवारी महाभारत बघायला वाड्यात यायची, पोरगी मांडीत घेऊन. टीव्ही बघता बघता आपली मेथी निवडून द्यायची, नको म्हटलं तरी." थोडं थांबली. "थोरला नवऱ्यासंगं गेल्ता म्हणून राह्यला. त्या दोघी गेल्या."

मी काहीच बोललो नाही.

"आधीच्या वर्षी पावसात खोल्यांत पाणी यायलंय म्हणून तीच सांगायला आल्ती. मी बापूंना सांगितलं. बापू म्हणले, ओटा उचलून घेऊ दिवाळीनंतर. मग दिवाळी झाली, राह्यलं. पुन्हा नाही सांगितलं मी. भाडं गोळा करायला मीच जायची ना. मलाच सांगायला पायजे होतं पुन्हा."

"आत्या, तू सत्तावीस वर्षांची होतीस."

"सत्तावीस म्हणजे लहान का?"

पुढचं तिनं भराभर सांगितलं. चौदाव्या दिवशी तो माणूस वाड्यात आला. बापूंनी डिपॉझिटचे पैसे मोजून त्याच्यापुढं ठेवले. त्यानं ते घेतले आणि खिशातून खोलीची किल्ली काढून आत्याच्या हातात दिली. खोली नाही, दार नाही, कुलूप नाही. भाडेकरू जाताना किल्ली देतो म्हणून त्यानं दिली. ती किल्ली नंतर कुठं गेली ते तिला आठवत नाही. मी विचारलं, तो माणूस कुठला, मुलगा आता कुठं असेल? गेवराईकडचा होता, एवढंच. आडनावही तिला आठवेना, आणि त्याचंच तिला रडू आलं.

जागा १९९२ मध्ये विकली गेली. बाबांच्या वाट्याला जे आलं त्यातून त्यांनी बँकेत काय ठेवलं आणि माझ्या इंजिनिअरिंगच्या फीमध्ये त्यातलं किती होतं, हे मी त्यांना विचारलं नव्हतं. आता विचारायला ते नाहीत. हे इथं लिहितोय ते वाचून काकांचा फोन येणार, माहीत आहे. काका, रागवायचं तर माझ्यावर रागवा. आत्याला विचारूनच लिहिलंय. "लिही, पण बापू वाईट होते असं लिहू नको," एवढंच ती म्हणाली. ते वाईट नव्हते. मला मांडीवर बसवून पाढे शिकवणारे आजोबा तेच. बहिणींची लग्नं व्हायची होती, बागेतून काही येत नव्हतं, शेजाऱ्यानं आधी खोल्या काढल्या होत्या. हे सगळं खरं आहे. आणि ओटा उचलायचा राहिला होता, हेही.

वर आलो तेव्हा सर शबनममध्ये वही ठेवत होते. फेरीत कुणी काही जुनं सांगितलं की ते टिपून घेतात, असं सकाळी म्हणाले होते. आत्या सरळ त्यांच्यापुढं जाऊन उभी राहिली.

"सर, तो भराव आमचा. आमच्या बापूंनी घातलेला."

सर उठून उभे राहिले. "ताई, मला खरंच कल्पना नव्हती. मी असं बोलायला नको होतं."

"बोलायला पायजे. पण चार झाडं म्हणलात ते चुकीचं आहे." तिनं बोटं मोजायला सुरुवात केली. "लिंबोणीची अकरा होती. पेरूची सहा. रामफळाचं एक, ते तिरपं वाढलेलं, त्याला झोका होता. सीताफळं बांधानं, ती मोजली नाहीत कधी. जाईचा मांडव विहिरीपाशी. आणि दुसऱ्या खोलीत दोघी होत्या. लिहून घ्या."

सरांनी वही पुन्हा काढली. पेन चालेना. डॉक्टरीणबाईंच्या मुलानं आपलं दिलं.